पहिला पैसा कोणी दिला?

मराठीत उद्योजकांच्या चरित्रांना तोटा नाही. दर दिवाळीला चार-दोन नवी येतात आणि त्यांतल्या निम्म्यांच्या मलपृष्ठावर 'शून्यातून विश्व' हे शब्द असतातच. आत गेलं की वाटही ओळखीची लागते. बेताची परिस्थिती, मास्तरांची छडी, मुंबईची गाडी, कुणाच्या तरी खोलीत पथारी, पहिलं यंत्र, एक मोठा फटका, मग शेड, मग कारखाना, मग राष्ट्रपतींबरोबरचा फोटो. हे सगळं बहुधा खरंही असतं. पण मी अशा पुस्तकात जे शोधतो ते एका वाक्यात उरकलेलं असतं : मित्रमंडळींकडून थोडेफार पैसे उभे केले आणि कामाला सुरुवात झाली. कुठले मित्र? किती पैसे? व्याज होतं की नव्हतं? परत केले का, आणि केले तर किती वर्षांनी? मित्राने ते दिले तेव्हा त्याच्या घरी काय बोलणी झाली? चरित्रकाराला याची उत्सुकता नसते. त्याची नजर नायकाच्या जिद्दीवर खिळलेली असते.

माझी ही खोड पेशातून आलेली आहे. नोकरीचा बराच काळ बँकेच्या कर्जविभागात गेला. टेबलापलीकडचा माणूस आपली कल्पना हातवारे करून सांगत असायचा आणि मला फॉर्मचे रकाने भरायचे असायचे : मागच्या तीन वर्षांचा ताळेबंद, तारण, जामीनदार, जामीनदाराची मिळकत. ज्याच्याकडे आधीच काही आहे त्याला आणखी मिळावं, अशीच या रकान्यांची बांधणी असते. त्यात बँकेचं फारसं चुकतं असंही नाही, कारण पैसा ठेवीदारांचा असतो. या पुस्तकातली चरित्रं वाचताना मी मनाशी तो फॉर्म भरून पाहत होतो. सुरुवातीच्या दिवशी जवळजवळ कुणीच त्यात बसत नाही. कुणीतरी रकान्यांपलीकडे जाऊन विश्वास टाकला, म्हणून पुढचं घडलं. हा कुणीतरी कोण, हे विचारत ही चरित्रं वाचावीत, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचंच पाहा. 1869 साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्म, घर वेदान्ती वळणाचं, मुलाला मात्र चित्रकलेचा नाद. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेल्यावर कळलं की काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले, यांत्रिक रेखाटन हाती आलं. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. तिथे बढतीच्या वेळी डावललं गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला परतले. थोरले बंधू रामूअण्णा तिथे सायकलींचं दुकान सांभाळत होते. सायकल विकायची आणि घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवायची, असा तो धंदा. त्यातून कडबा कापण्याचं यंत्र आलं, आणि मग लोखंडी नांगर.

नांगराची गोष्ट शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येते, पण हिशेबाच्या बाजूने पाहिली तर ती जीवघेणी आहे. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. माल तयार होऊन पडलेला, त्यात पैसा अडकलेला आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. त्या काळात एखाद्या बँकेच्या माणसाने कारखान्याला भेट दिली असती, तर साठा मोजून तो आल्या पावली परत गेला असता आणि अहवालात दोन ओळी लिहून मोकळा झाला असता. भरीस भर म्हणून नगरपालिकेने दुकानाची जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि उसनी रक्कमही दिली. हे राजेसाहेब स्वतः चित्रकार होते. रंग सोडावे लागलेल्या माणसाच्या पाठीशी एक चित्रकार उभा राहिला, ही माझ्या आवडीची जुळणी. 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली.

पुढचा तपशील या कथेत सहसा शेवटी, गंमत म्हणून येतो. मला तो मध्यावर ठेवावासा वाटतो. कारखान्याच्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी दरोड्याबद्दल शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. त्यांना नोकरी सोडा, कुणी दारातही उभं केलं नसतं. वसाहतीतली बाकी माणसंही अशीच, कुठे न बसलेली, शिक्षण अर्धवट सुटलेली. ज्याला स्वतःला रीतीबाहेर विश्वास मिळाला होता, त्याने तो पुढे रीतीबाहेरच वाटला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या निकामी तोफा ओतकामासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले, हे वाक्य भाषणात फार शोभतं. पण कारखाना बंद पडायची वेळ आली असताना कच्चा माल उधारीत किंवा बक्षिसात मिळणं म्हणजे काय, हे फक्त कारखानदारालाच कळेल.

म्हणजे सायकलीचं दुकान भावाचं, जागा औंधची, तोफा कोल्हापूरच्या. यात लक्ष्मणरावांचं कर्तृत्व तिळभर कमी होत नाही. 'शून्य' मात्र कुठे सापडत नाही.

जमशेटजी टाटांची अडचण वेगळ्या जातीची होती. घरचा व्यापार होता, पत होती. तरीही मुंबई सोडून नागपूरला गिरणी काढायचं ठरवलं आणि त्यासाठी दलदलीची जागा भरून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. हा गृहस्थ मातीत सोनं घालतो आहे, असं त्याचं मत पडलं. 1 जानेवारी 1877 रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि काही वर्षांनी त्याच सावकाराने कबूल केलं की टाटांनी माती घालून सोनं काढलं. मला त्या सावकाराचा राग येत नाही. त्याने आपल्या पैशाला जपलं. नंतर चारचौघांत शब्द फिरवण्याइतका मोकळेपणाही त्याच्याकडे होता, आणि तो कर्ज देणाऱ्यांत सहसा आढळत नाही.

पोलाद कारखान्यासाठी लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना. जमशेटजी 1904 मध्येच गेले होते. 1907 साली त्यांच्या मुलांनी आणि सहकाऱ्यांनी शेअर देशातच विकायला काढले. तीन आठवड्यांत सुमारे 8000 भारतीयांनी 2 कोटी 32 लाख रुपयांचं सगळं भांडवल उचललं. खेळत्या भांडवलासाठी लागणारे कर्जरोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतले. स्वदेशीचे दिवस होते हे खरं. पण उत्साहाच्या भरात सभेला जाणं वेगळं आणि पेटीतले पैसे काढून, ज्याची भट्टी अजून पेटलेलीही नाही अशा कारखान्यात घालणं वेगळं. या आठ हजारांपैकी फार थोड्यांची नावं आज कुणाला ठाऊक असतील.

अर्देशिर गोदरेजांच्या बाबतीत नाव ठाऊक आहे, नव्हे, ते कपाटांवर छापलेलं आहे. वकिली सोडून आलेल्या या पारशी तरुणाने आधी शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. गिऱ्हाईकाला माल पसंत पडला, पण त्यावर देशी बनावटीचा शिक्का नको होता. अर्देशिर अडून बसले आणि धंदा बुडाला. यासाठी पैसे दिले होते मेरवानजी कामा यांनी. त्यांनीच दुसऱ्यांदा, 1897 साली, कुलुपांच्या कारखान्यासाठी पुन्हा दिले. एकदा बुडवलेल्याला दुसऱ्यांदा! कामांनी बदल्यात मागितलं ते एवढंच, की आपल्या नात्यातल्या बॉइस नावाच्या तरुणाला धंद्यात घ्यावं. बॉइस फार दिवस टिकला नाही, पण 'गोदरेज अँड बॉइस' हे नाव टिकलं. लग्नात मिळालेलं कपाट उघडताना आपण सगळेच एका कर्ज देणाऱ्याच्या शब्दाला हात लावत असतो.

राजे नाहीत, पारशी स्नेही नाहीत, बाजारात पत नाही, तर काय करायचं? याचं आपल्याकडचं सर्वांत धीट उत्तर अंताजी दामोदर काळे या शाळामास्तरांनी शोधलं. प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी कारखाना काढायचा. हा पैसा फंड. लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं, स्वयंसेवक डबे घेऊन जत्रेत, बाजारात, लग्नाच्या मांडवात फिरले आणि 1908 मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना सुरू झाला. तांत्रिक बाजू सांभाळायला जपान आणि अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय आले. तळेगावने टाटांसारखी साम्राज्यं उभारली नाहीत. पण तिथे शिकलेले कारागीर देशभरच्या काच कारखान्यांत पसरले. पहिला पैसा कोणी दिला, या प्रश्नाचं इथे अगदी सरळ उत्तर मिळतं : ज्याच्या खिशात एक पैसा होता त्याने. एका पैशाचा भागधारक वार्षिक सभेला येत नाही, लाभांश मागत नाही, हा या योजनेचा गुण आणि तोच तिचा दोष. हिशेब विचारणारं कुणी नसलं की कारखाना कसा चालतो, हा वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे.

इथपर्यंतची माणसं ग्रंथालयात 'उद्योग' या कपाटात सापडतात. यापुढची 'समाजकार्य' या कपाटात ठेवलेली असतात. संपादकांनी दोन्ही कपाटं एका पुस्तकात आणली, याबद्दल काही वाचक कुरकुर करतील. नफा कमावणारे आणि सेवा करणारे एका पंगतीत कसे, असं विचारतील. माझ्या मते जागेची वाटणीच चुकलेली होती. ज्यांना आपण समाजसेवक म्हणून हार घालतो, त्यांतल्या बऱ्याच जणांना आपले हिशेब फार कडक ठेवावे लागले.

गिरगावात 15 मार्च 1959 रोजी सात गुजराती बायका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. जवळ 80 रुपये, तेही उसने. देणारे छगनलाल करमशी पारेख, सगळ्यांचे छगनबाप्पा, गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली. छगनबाप्पांनी पैशांबरोबर काही अटी घातल्या, आणि त्या अटी मला 80 रुपयांहून मोलाच्या वाटतात. देणगी घ्यायची नाही, तोटा झाला तरी नाही. हिशेब पेढीसारखा चोख. आणि माल एकाच प्रतीचा. स्वस्तातला हलका पापड काढायचा विचार त्यांनी मोडून काढला.

पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद पडलं, कारण ऊन नाही तर पापड वाळणार कसा? पुढच्या वर्षी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटता ठेवायचा. नंतर शिस्त लागली ती कामाच्या पद्धतीला. सकाळी केंद्रावर उडदाचं पीठ तिंबलेलं तयार, प्रत्येकीने आपल्या वाट्याचं वजन करून घरी न्यायचं, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी परत आणायचं, वजन आणि तपासणी होताच मजुरी हातात. लाटणारी प्रत्येक 'बहेन' मालकीण, नफ्यात वाटेकरी आणि तोट्यातही. 1966 मध्ये संस्थेची नोंदणी झाली, खादी आयोगाची मान्यता मिळाली. या सातजणींपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

यातली रोजच्या रोज मजुरी फार महत्त्वाची. महिन्याने मिळणाऱ्या पाचशेपेक्षा आज संध्याकाळी हातात पडणारे पंधरा बाईच्या संसारात अधिक काम करतात. आणंदला हेच घडलं. पोल्सन कंपनी आणि तिचे दलाल खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं दूध पडत्या भावाने उचलत होते. शेतकऱ्यांनी पंधरा दिवस मुंबईला दूध जाऊ दिलं नाही. 14 डिसेंबर 1946 रोजी त्यांच्या सहकारी संघाची नोंदणी झाली, त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष. गावाच्या डेअरीवर बाई चरवी घेऊन येते, दुधातली स्निग्धता मोजली जाते, वहीत आकडा पडतो आणि सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी मिळतात. जातीप्रमाणे रांग नाही, आधी आला त्याचं आधी. वर्गीस कुरियन 1949 मध्ये आणंदला आले ते शिष्यवृत्तीच्या करारातून सुटण्याचे दिवस मोजत. मांस खाणाऱ्या एकट्या ख्रिस्ती माणसाला गावात घर मिळेना, म्हणून ते एका गॅरेजमध्ये राहिले. कुरियनांच्या हट्टी स्वभावाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि या पुस्तकातही आहे. त्यांना थांब म्हणणाऱ्या त्रिभुवनदासांबद्दल, आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असं जगभरचे तज्ज्ञ सांगत असताना ती करून दाखवणाऱ्या ह. म. दलायांबद्दल फार कमी. पुढे 1976 साली याच शेतकऱ्यांपैकी पाच लाख जणांनी प्रत्येकी दोन रुपये घालून श्याम बेनेगलांचा 'मंथन' काढला. पैसा फंडाला जमलं नव्हतं ते इथे जमलं : निर्माते थिएटरात येऊन आपला माल पाहून गेले.

पैसा देणाऱ्याइतकाच पहिला गिऱ्हाईक अवघड. आनंदवनात बाबा आमट्यांनी सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये एवढ्यावर काम सुरू केलं, हे सर्वांना माहीत आहे. त्या खडकाळ जमिनीतून भाजी पिकली तेव्हा वरोऱ्याच्या बाजारात ती कुणी घेईना, हेही थोड्यांना ठाऊक असेल. पुढे परदेशातले तरुण स्वयंसेवक इमारती बांधायला आले, तिथेच राहिले, तीच भाजी जेवले. ते पाहून गावाची भीड चेपली. गोऱ्या पोरांनी खाल्ल्यावर आपल्याला चालली, यात आपल्या समाजाबद्दल जे काही आहे ते आहे.

मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींचं प्रकरण मी दोनदा वाचलं. संधिवाताने बोटं वाकडी झालेला हा नेत्रतज्ज्ञ 58व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाला आणि 1976 मध्ये त्याने 11 खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय काढलं. त्यासाठी घर गहाण पडलं, भावंडांनी दागिने ठेवले. म्हणजे पहिला पैसा घरातल्या बायकांच्या गळ्यातून आला. हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की चरित्रकार त्याची नोंदही घेत नाहीत. इन्फोसिसचे सुरुवातीचे 10,000 रुपये सुधा मूर्तींनी बाजूला टाकलेले होते, हे निदान आता सगळ्यांना माहीत झालं आहे. अरविंदमध्ये पैसे देणारा रुग्ण आणि न देणारा रुग्ण यांच्या डोळ्यांवर तेच हात काम करतात. दोन टेबलं शेजारी. एका रुग्णाची शस्त्रक्रिया संपते तोवर दुसरा तयार, सर्जन फक्त वळतो. बहुसंख्यांवर मोफत किंवा नाममात्र खर्चात उपचार होतात आणि तरीही संस्था देणगीवर जगत नाही. मोतीबिंदूनंतर बसवायचं भिंग परदेशातून येत होतं आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर होतं; 1992 मध्ये ऑरोलॅब काढून त्यांनी ते इथेच, अगदी थोड्या किमतीत बनवलं. कुठल्याही कारखानदाराने मान डोलवावी असा हा खर्चाचा हिशेब आहे.

आता दोन बँका. अहमदाबादच्या इला भट कापड कामगारांच्या संघटनेत वकील होत्या. डोक्यावरून कापडाचे तागे वाहणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या बायकांची 'सेवा' ही संघटना त्यांनी 1972 मध्ये बांधली. या बायका सकाळी सावकाराकडून पैसे उचलायच्या आणि संध्याकाळी व्याजासकट टेकवायच्या. 1974 मध्ये 4000 जणींनी प्रत्येकी 10 रुपये भरून आपली सहकारी बँक काढली. सही येत नाही ही अडचण होती, म्हणून पासबुकावर फोटो लावायची पद्धत त्यांनी पाडली.

दुसरी बँक आपल्या माणदेशातली. मुंबईत वाढलेल्या, जयप्रकाशांच्या चळवळीतून आलेल्या चेतना गाला-सिन्हा लग्न करून म्हसवडला आल्या. सातारा जिल्ह्याचा हा कोपरा दुष्काळासाठीच ओळखला जातो. रस्त्याच्या कडेला भाता फुंकून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी पालावर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. एवढ्या छोट्या रकमेचं खातं कुठलीच बँक काढेना. तर आपणच बँक काढू, असं ठरलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक सदस्य अंगठेबहाद्दर. बायकांनी रडारड केली नाही. दिवसभराचं काम आटोपून त्या काही महिने अक्षरं गिरवत बसल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. अधिकाऱ्यांना त्यांनी आव्हान दिलं : कुठलीही मुद्दल सांगा, कॅल्क्युलेटर न घेता व्याज आम्ही काढतो, तुमच्या साहेबांनाही काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतं. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

हा प्रसंग चेतनाताई अनेक व्यासपीठांवरून सांगतात आणि लोक टाळ्या वाजवतात. मला त्यापुढचा अधिक आवडतो. कार्डांचा जमाना आला तेव्हा बँकेने पिन नंबर द्यायचा विचार केला. बाजारात बसणाऱ्या बायकांना ते पटेना. आकडा घरातला कुणीही बघेल, विचारून घेईल आणि पैसे काढेल. अंगठा कोण चोरणार? ज्या अंगठ्यावरून अर्ज फेटाळला गेला, तोच अंगठा त्यांनी सुरक्षिततेचा मुद्दा म्हणून पुढे केला. चाळीस पानांची परिपत्रकं वाचून मला जे कळलं नाही, ते म्हसवडच्या बाजारात उमगलेलं होतं : गरीब बाईच्या पैशाला पहिला धोका चोराकडून नसतो.

हे सगळं वाचून गरिबाला कर्ज दिलं की झालं, असं वाटायला नको. ऑगस्ट 2010 मध्ये देशातली एक मोठी सूक्ष्मकर्ज कंपनी, एसकेएस, शेअर बाजारात उतरली आणि अर्जांचा पाऊस पडला. दोनच महिन्यांनी आंध्र प्रदेश सरकारला अशा कंपन्यांच्या वसुलीवर वटहुकूम काढावा लागला, कारण गावोगाव एकाच बाईच्या नावावर तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जं चढली होती आणि आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. गटातल्या बायकांनी एकमेकींना जामीन राहायचं, ही कल्पना चांगलीच होती. हप्त्याच्या दिवशी त्याच बायका एकीच्या दारात बसू लागल्या, तेव्हा तिचा फास झाला. आपल्या सहकाराचंही तसंच. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना बरोबर घेऊन गावोगावच्या शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले आणि आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा कारखान्याचा मालक ऊस घेऊन येणारा शेतकरी होता. नंतरच्या अनेक कारखान्यांत तो मालक रांगेतला अर्जदार कसा झाला, हे साखरपट्ट्यातल्या वाचकाला मी काय सांगावं! पुस्तकात या उतरणीवर स्वतंत्र प्रकरण नाही. ते असायला हवं होतं, असं मी संपादकांना कळवलं आहे.

आणखी एक गोष्ट चरित्रांतून सुटते : विश्वास टाकणारा बहुधा आपल्यातल्यावरच टाकतो. मारवाड्याला हुंडी मारवाड्याची, पारशाला हात पारशाचा, ब्राह्मण कारखानदाराला ब्राह्मण संस्थानिकाचा. ज्याच्या नात्यागोत्यात पिढ्यान्‌पिढ्या भांडवलच नव्हतं त्याने कुणाकडे जायचं? मिलिंद कांबळे यांनी 2005 मध्ये पुण्यात दलित उद्योजकांचं चेंबर स्थापन केलं, ते या प्रश्नातून. कल्पक माणसं होती, कंत्राटं घेण्याची ताकद होती; कमी होता तो 'अमुकचा मुलगा आहे, द्या' असं सांगणारा मामा. बायकांचंही वेगळं नाही. किरण मुजुमदारांनी 1978 मध्ये बंगळुरूत बायोकॉन काढली तेव्हा त्यांची वयाची पंचविशी, धंदा कुणी न ऐकलेला आणि मालक बाई. बँका कर्ज द्यायला बिचकत होत्या. यावर 'त्यांनी हार मानली नाही' असं लिहिणं सोपं आहे. हार मानलेल्यांचं चरित्र कुणी लिहीत नाही, त्यामुळे दार उघडलं नाही म्हणून परत गेलेल्यांची गणती कुठेच होत नाही.

पुस्तकाच्या रचनेबद्दल दोन शब्द. प्रकरणं जन्मसालानुसार लावलेली आहेत. मी वाचली ती मात्र वेगळ्या क्रमाने, आणि वाचकानेही तसं करायला हरकत नाही. किर्लोस्करांनंतर लगेच माणदेशी वाचलं तर कुंडल आणि म्हसवड यांच्यातलं अंतर नकाशावर आहे त्याहून कमी वाटतं. वालचंद हिराचंदांचं प्रकरण आकाराने इतरांच्या दुप्पट झालं आहे, आणि त्याला इलाज नव्हता. सोलापूरच्या या माणसाने रेल्वेच्या कंत्राटांपासून सुरुवात केली, 1919 मध्ये 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनला पाठवली आणि पुढे विमानं, जहाजं, मोटारी, साखर असं काहीच सोडलं नाही. जिवंत व्यक्तींबद्दल लिहिताना काही लेखकांचा हात थोडा आखडलेला दिसतो, तो समजून घ्यावा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी संपादकांनी एक चौकट दिली आहे : सुरुवातीचं भांडवल किती, कुठून आलं, परत कधी गेलं. काही चौकटी अर्ध्या कोऱ्या आहेत. ज्या घरांत जुन्या खातेवह्या अजून माळ्यावर पडलेल्या आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी एकदा चाळून पाहाव्यात. दुसऱ्या आवृत्तीत त्या चौकटी भरता येतील.